आखूड नळी, मोठी गोळी

रिव्हॉल्व्हर निवडणारा माणूस त्याच्याकडून तीन गोष्टी मागतो. ते लहान असावं, म्हणजे दिवसभर अंगावर वागवता येईल. त्याची गोळी जबर असावी, म्हणजे एकदा लागली की पुरे. आणि ते हातात काबूत राहावं, म्हणजे पहिली गोळी चुकली तर दुसरी लगेच आणि नेमकी सोडता येईल. बंदूक बनवणाऱ्यांनी दीडशे वर्षं खटपट करूनही या तिन्ही मागण्या एका हत्यारात पुऱ्या झालेल्या नाहीत. दोन मिळतात, तिसरीवर पाणी सोडावं लागतं.

आखूड नळीचं, मोठ्या कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर पहिल्या दोन मागण्या पुऱ्या करतं. म्हणूनच त्याची मोहिनी दांडगी आहे, आणि म्हणूनच ते विकत घेऊन कपाटात ठेवून देणारेही पुष्कळ आहेत. हे हत्यार कुठून आलं, त्यात खरं बळ किती, त्याची किंमत कशात मोजावी लागते आणि कोणाच्या ते खरोखर उपयोगी पडतं, हे क्रमाने पाहू.

नेमकं कोणतं हत्यार?

रिव्हॉल्व्हरची नळी मोजतात ती सिलिंडरच्या पुढे, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या चक्राच्या पुढे. पोलिसांची जुनी सरकारी रिव्हॉल्व्हरं साधारण चार ते सहा इंच नळीची असत. आखूड नळी म्हणजे दोन ते तीन इंच, पाच ते साडेसात सेंटिमीटर.

मोठं कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने .४० इंचाच्या वरचं, प्रत्यक्षात बहुतेक वेळा .४४ किंवा .४५. खिशातल्या लहान रिव्हॉल्व्हरचं नेहमीचं काडतूस .३८ स्पेशल. त्याची गोळी सुमारे ९.१ मिलिमीटर व्यासाची आणि नेहमीच्या वजनात दहा ग्रॅमच्या आसपास असते. .४४ स्पेशलची गोळी सुमारे १०.९ मिलिमीटर व्यासाची आणि सोळा ग्रॅम वजनाची. व्यासातला फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा दिसतो, पण गोळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ चाळीस टक्क्यांहून जास्त वाढतं आणि वजन दीडपटीच्या वर जातं. इतकी मोठी काडतुसं लहान चक्रात सहा बसत नाहीत. म्हणून या जातीची बरीच रिव्हॉल्व्हरं पाच गोळ्यांची असतात.

बर्मिंगहॅमचं बुलडॉग

या घराण्याचा मूळ पुरुष इंग्लंडातला. बर्मिंगहॅमच्या फिलिप वेब्ली अँड सन या कारखान्याने १८७२ मध्ये ‘ब्रिटिश बुलडॉग’ बाजारात आणलं. अडीच इंच नळी, पाच गोळ्या आणि .४४२ किंवा .४५० सारखी मोठी काडतुसं. चाप ओढला की चक्र फिरे, घोडा मागे जाई आणि गोळीही सुटे. घोडा वेगळा चढवण्याची गरज नव्हती.

हे कोटाच्या खिशात ठेवायचं हत्यार होतं. सैनिकाला कमरेला म्यान लटकवता येई. प्रवासाला निघालेला व्यापारी, दुकानदार किंवा रात्री घरी परतणारा डॉक्टर यांना तसं करून भागत नव्हतं. त्यांना हवं होतं ते दिसू नये आणि वेळ आली तर तीन-चार पावलांवर उपयोगी पडावं, एवढंच. काळ्या दारूच्या त्या जमान्यात गोळीचा वेग फारसा वाढवता येत नव्हता. मग जोर वाढवायचा तर गोळी जाड आणि जड करणं हाच सोपा मार्ग होता. आखूड नळी आणि मोठी गोळी एकत्र आली ती या तंत्राच्या मर्यादेतून.

बेल्जियमच्या लीएज शहरातल्या, तसंच फ्रान्स, स्पेन आणि अमेरिकेतल्या कारखानदारांनी या नमुन्याच्या भरमसाट नकला केल्या. त्यातल्या पुष्कळशा स्वस्त आणि सुमार होत्या. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर चार्ल्स गिटो याने अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या बुलडॉग धाटणीच्याच रिव्हॉल्व्हरने. दोन गोळ्या सुटल्या, एक हाताला चाटून गेली आणि दुसरी पाठीत शिरली. गारफील्ड जागीच गेले नाहीत. १९ सप्टेंबरला, अडीच महिन्यांहून जास्त यातना सोसून ते वारले. डॉक्टरांनी न धुतलेल्या बोटांनी जखम चाचपल्यामुळे झालेला जंतुसंसर्ग त्यांना भोवला, असं वैद्यकाच्या इतिहासात आज मानलं जातं. हाताच्या अंतरावरून, मोठ्या कॅलिबरच्या हत्याराने झाडलेली गोळीही एका क्षणात निकाल लावेल असं नसतं, हे त्या प्रसंगात दिसतं.

मोठ्या गोळीवरची श्रद्धा

‘गोळी मोठीच हवी’ हा विश्वास अमेरिकेत पक्का झाला तो फिलिपाइन्समध्ये. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या मोरो योद्ध्यांशी लढताना अमेरिकन सैनिकांकडे .३८ लाँग कोल्टची रिव्हॉल्व्हरं होती. गोळ्या लागूनही समोरचा माणूस चाल करून येतो, अशा तक्रारी येऊ लागल्या. सैन्याने जुनी .४५ ची रिव्हॉल्व्हरं पुन्हा बाहेर काढली.

१९०४ मध्ये कर्नल जॉन थॉम्पसन आणि सैन्यातले डॉक्टर लुई लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जनावरांवर, आणि मानवी मृतदेहांवरही, वेगवेगळ्या गोळ्यांच्या चाचण्या घेतल्या. लष्करी हातबंदुकीचं कॅलिबर .४५ हून कमी नसावं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. चाचण्या थोड्या होत्या आणि आजच्या कसोटीवर त्यांची पद्धत टिकणारी नाही. तरी .४५ कॅलिबरचं एम १९११ पिस्तूल त्याच वाटेने आलं, आणि मोठी गोळी म्हणजे भरवशाची गोळी हे समीकरण अमेरिकन मनात घट्ट बसलं.

फिट्झगेराल्डची कापाकापी

त्या विश्वासाला खिशात बसवण्याचं काम जॉन हेन्री फिट्झगेराल्ड या कोल्ट कंपनीतल्या माणसाने केलं. १९२० च्या दशकात त्याने कोल्टची मोठी ‘न्यू सर्व्हिस’ रिव्हॉल्व्हरं घेऊन त्यांची नळी दोन इंचांवर कापली. कपड्यात अडकू नये म्हणून घोड्याचं वर आलेलं शिंग छाटलं, मूठ आखूड आणि गोल केली. चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भागही कापून टाकला, म्हणजे बोट घाईत थेट चापावर जावं. या हत्यारांना ‘फिट्झ स्पेशल’ म्हणू लागले.

फिट्झगेराल्ड नेमबाजीत मुरलेला माणूस होता, त्याच्या हातात ते शोभलं. पण चाप उघडा ठेवणं म्हणजे कापडाचा चुरगळा किंवा खिशातली किल्ली त्यावर दाबली गेली तरी गोळी सुटण्याची भीती. ती रचना पुढे टिकली नाही. छाटलेला घोडा मात्र टिकला. आजच्या कित्येक खिशातल्या रिव्हॉल्व्हरांचा घोडा बाहेरून दिसतच नाही. कोल्टने १९२७ मध्ये काढलेल्या ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ने सामान्य गिऱ्हाइकाला दोन इंच नळी दिली, पण कॅलिबर ठेवलं .३८. कारखान्याने काढलेली ही तडजोड अधिक शहाणपणाची होती. पोलिसांनी पुढची काही दशकं तीच पसंत केली.

स्पेशल आणि मॅग्नम

मोठ्या गोळीच्या घरात दोन चुली आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की निवड हमखास चुकते.

पहिली .४४ स्पेशलची. अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीने १९०७-०८ च्या सुमारास हे काडतूस आणलं. त्याचा दाब कमी, अमेरिकन मानकाप्रमाणे चौरस इंचाला १५,५०० पौंडांपर्यंत. गोळी जड, पण सेकंदाला साधारण २३० मीटर वेगाने जाणारी.

दुसरी मॅग्नमची. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं. अमेरिकन सेनानी जनरल पॅटन यांनी त्याच्या पहिल्या मालिकेतलं साडेतीन इंच नळीचं एक रिव्हॉल्व्हर हस्तिदंती मूठ बसवून वापरलं. १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम जाहीर झालं. काडतूस स्पेशलपेक्षा सुमारे तीन मिलिमीटर लांब, जेणेकरून ते चुकूनही जुन्या, कमी ताकदीच्या हत्यारात बसू नये. दाबाची मर्यादा ३६,००० पौंड, म्हणजे दुपटीहून जास्त. १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ चित्रपटात क्लिंट ईस्टवुडच्या हाती ते लांब नळीचं दिसलं आणि दुकानांत त्याची मागणी उसळली. मॅग्नमच्या हत्यारात स्पेशल काडतूस चालतं, उलट मात्र चालत नाही. ही सोय पुढच्या हिशेबात महत्त्वाची ठरते.

आखूड नळी आणि .४४ यांची खरी लोकप्रिय जोडी जमवली ती कनेक्टिकटमध्ये १९६४ साली स्थापन झालेल्या चार्टर आर्म्स या कंपनीने. १९७३ मध्ये तिने तीन इंच नळीचं, पाच गोळ्यांचं, .४४ स्पेशलचं ‘बुलडॉग’ काढलं. वजन साडेपाचशे ते सहाशे ग्रॅम, किंमत सामान्य माणसाला झेपणारी. वेब्लीच्या कल्पनेचा हा अमेरिकन पुनर्जन्मच होता. पण त्याची सर्वदूर ओळख झाली ती भीषण कारणाने. १९७६-७७ मध्ये न्यू यॉर्कमध्ये डेव्हिड बर्कोविट्झ याने याच रिव्हॉल्व्हरने सहा जणांचा जीव घेतला. सुरुवातीला वर्तमानपत्रं त्याला कॅलिबरच्या नावानेच ओळखत होती. या हत्याराबद्दल लिहिताना ते मृत्यू गाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. खिशात लपणं हा जसा त्याचा गुण, तसाच तो त्याचा धोका.

आकर्षण कशाचं?

या मोहिनीमागे निव्वळ दिखावा आहे असं समजणं चूक. तिच्यात तीन सच्ची कारणं आहेत.

पहिलं भौतिकशास्त्राचं. लहान कॅलिबरची पोकळ तोंडाची गोळी शरीरात उमलावी अशी रचलेली असते आणि उमलण्यासाठी तिला वेग लागतो. दोन इंच नळीत तो वेग पुष्कळदा मिळत नाही. म्हणूनच अलीकडे खास आखूड नळीसाठी बनवलेली .३८ ची काडतुसं निघाली. .४४ ची गोळी मात्र न उमलताही मुळातच जाड आहे. ती मंद असल्याने तिच्याकडे गमावण्याजोगा वेगही फारसा नाही. आखूड नळीचं नुकसान स्पेशलला कमी जाणवतं.

दुसरं यंत्राचं. पिस्तुलात प्रत्येक गोळीनंतर सरकणारा भाग मागे-पुढे जावा लागतो. पकड सैल असेल, कापड अडकलं किंवा हत्यार समोरच्याच्या अंगाला टेकलं तर पिस्तूल अडू शकतं. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, चक्र फिरतं आणि पुढचं काडतूस घोड्यासमोर येतं. झटापटीच्या अंतरावर हा साधेपणा मोलाचा.

तिसरं मनाचं. मोठं तोंड, ठेंगणी नळी आणि भरीव चक्र असं हत्यार हाती घेतलं की विश्वास वाटतो. भीती कमी होणं ही माणसाची खरी गरज आहे, तिला हसण्याचं कारण नाही. पण वाटणारा विश्वास आणि नेमावर लागणारी गोळी यांत अंतर असतं, आणि ते अंतर पुढच्या काही बाबी ठरवतात.

नळी कापली की काय जातं

एक, वेग. दारूचा वायू गोळीला ढकलत असतो तोवरच ती वेग घेते. नळी एक इंच कमी झाली की सेकंदाला साधारण ८ ते १५ मीटर वेग घटतो, असा ढोबळ ठोकताळा आहे. आठ इंचांवरून अडीच इंचांवर आलं की मॅग्नमचा बराचसा रुबाब उतरतो.

दोन, झोत आणि आवाज. मॅग्नममध्ये सावकाश जळणारी दारू भरपूर असते. आखूड नळीत ती पुरती जळण्याआधीच गोळी बाहेर पडते आणि उरलेली दारू तोंडापुढे आगीचा गोळा होऊन पेटते. अंधारात डोळे दिपतात. आवाजाचं म्हणाल तर क्षणिक स्फोटासाठी कानांची सुरक्षित मर्यादा १४० डेसिबल मानतात, आणि हातबंदुका सहज १५० च्या पुढे जातात. बंद खोलीत, कानांना संरक्षण नसताना मॅग्नमची एक गोळी कायमचा बहिरेपणा देऊ शकते.

तीन, नेम. मागची खाच आणि पुढची माशी एका रेषेत आणून नेम धरतात. या दोहोंतलं अंतर वीस सेंटिमीटर असेल आणि माशी एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर गोळी पाच सेंटिमीटर हुकते. अंतर दहा सेंटिमीटर असेल तर तीच चूक दहा सेंटिमीटरची होते. हत्यार स्वतः तितकंच अचूक असतं, माणसाची चूक मात्र दुप्पट होऊन समोर येते. त्यात घोडा न चढवता चाप ओढायचा तर साडेचार-पाच किलोंचा जोर लागतो. अर्ध्या किलोच्या वस्तूवर पाच किलोंचा जोर देताना ती हलू न देणं सरावाशिवाय जमत नाही.

धक्क्याचं गणित

गोळी पुढे जाते तितक्याच संवेगाने हत्यार मागे येतं. हा नियम कोणत्याही जाहिरातीला जुमानत नाही.

सोळा ग्रॅमची गोळी सेकंदाला २३० मीटर वेगाने सुटली, तर सहाशे ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर सेकंदाला सुमारे सहा मीटर वेगाने हाताकडे येतं. त्याची ऊर्जा अकरा ज्यूलच्या आसपास. तीच गोळी बाराशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटली तर ऊर्जा साडेपाच ज्यूलवर येते. वजन दुप्पट केलं की धक्का निम्मा. यात वायूचा जोर धरलेला नाही, प्रत्यक्षात आकडे याहून जास्तच असतात.

आता मॅग्नम घ्या. स्मिथ अँड वेसनने २००३ मध्ये स्कँडियम मिश्रधातूची चौकट आणि टायटॅनियमचं चक्र वापरून ‘३२९ पीडी’ हे .४४ मॅग्नम काढलं. नळी चार इंच, वजन सुमारे सातशे ग्रॅम. काडतुसं भरल्यावर साडेआठशे ग्रॅम धरू आणि गोळीचा वेग सेकंदाला ३८० मीटर मानू. नुसत्या गोळीचा हिशेब केला तरी एकवीस-बावीस ज्यूलच्या घरात जातो. डोंगरात दिवसभर वागवायला हे हत्यार सुखाचं आहे. पुऱ्या ताकदीच्या काडतुसांनी सराव करताना मात्र तळवा आणि अंगठ्याचं मूळ ठेचल्यासारखं होतं. शरीर मग पुढच्या गोळीआधीच बिचकतं आणि बिचकलेल्या हाताची गोळी खाली जाते. धक्क्याचं खरं नुकसान ते हेच. दुखणं दुसऱ्या दिवशी ओसरतं, बिचकण्याची सवय मात्र महिनोन् महिने जात नाही.

यंत्रातल्या बारीक अडचणी

काही गोष्टी दुकानात कळत नाहीत, वापरताना कळतात.

हलक्या हत्याराचा झटका इतका जोरदार असतो की चक्रातल्या न झाडलेल्या काडतुसांतून गोळ्या थोड्या पुढे सरकतात. एखादी चक्राबाहेर डोकावली की चक्र अडतं आणि रिव्हॉल्व्हर बंद पडतं. कधीही अडत नाही म्हणून घेतलेलं यंत्र नेमकं हलकेपणामुळे अडावं, हा या वर्गातला सर्वांत मोठा अंतर्विरोध आहे. जड हत्यार किंवा गोळी घट्ट आवळलेली काडतुसं हाच त्यावर उपाय.

दुसरी अडचण रिकाम्या पुंगळ्यांची. चक्र बाजूला काढून पुढचा दांडा दाबला की पुंगळ्या बाहेर पडतात. दोन इंच नळीखाली हा दांडा आखूड ठेवावा लागतो. त्यामुळे लांब पुंगळ्या अर्ध्याच निघतात आणि बोटांनी उपसाव्या लागतात. तीन इंच नळीखाली पुऱ्या लांबीचा दांडा बसतो. जाणकार तीन इंचांना पसंती देतात त्यामागे हे ठोस कारण आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयने आपल्या माणसांसाठी तीन इंच नळीचं ‘मॉडेल १३’ घेतलं होतं, तेही .३५७ कॅलिबरचं.

तिसरी अडचण जाडीची. नळी कितीही कापली तरी चक्राची जाडी कमी होत नाही, आणि कपड्याखालून फुगवटा दिसतो तो चक्राचा. .४४ चं चक्र .३८ पेक्षा जाडच असणार. नळी कापल्याने बसता-उठताना सोय होते, लपवण्याचा प्रश्न अर्धाच सुटतो.

अस्वलांच्या मुलखात

आखूड नळीच्या मोठ्या रिव्हॉल्व्हरला खरा आधार मिळतो तो अलास्कासारख्या प्रदेशात. तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहून मासे पकडणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. रायफल काठावर राहते आणि तपकिरी अस्वल झुडपातून काही पावलांवर निघतं. अशा वेळी छातीवर बांधलेलं हत्यारच हाताशी असतं. रुगर कंपनीने २००५ मध्ये ‘सुपर रेडहॉक अलास्कन’ काढलं ते याच गिऱ्हाइकासाठी. अडीच इंच नळी, .४५४ कॅसुलसारखं अतिजबर काडतूस, सहा गोळ्या आणि सव्वा किलोच्या आसपास पोलादी वजन. स्मिथ अँड वेसनच्या २००३ च्या .५०० मॅग्नमचीही पुढे आखूड नळीची आवृत्ती आली.

इथे वजन मुद्दाम राखलेलं आहे हे ध्यानात घ्यावं. नळी कापली, पोलाद कापलं नाही. म्हणून ही हत्यारं निदान झाडता येतात.

पण अस्वलांसमोरही आकडे काय सांगतात ते पाहायला हवं. संशोधक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या १८८३ ते २००९ मधल्या २६९ घटना तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. हातबंदुका ८४ टक्के वेळा आणि लांब बंदुका ७६ टक्के वेळा कामी आल्या होत्या. याच दोघांच्या पुढाकाराने २००८ मध्ये आलेल्या आधीच्या अभ्यासात मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वलाला ९२ टक्के वेळा थोपवलं होतं. दोन्ही अभ्यासांतल्या घटना सारख्या नव्हत्या, त्यामुळे आकड्यांची थेट शर्यत लावू नये. तरी एवढं नक्की की दोन-तीनशे ग्रॅमचा फवारा या तोफेच्या मागे राहत नाही. चाल करून येणाऱ्या जनावरावर अचूक नेम धरण्याऐवजी समोर मिरचीचा ढग उभा करणं घाबरलेल्या माणसाला सोपं जातं. फवारा पहिला, रिव्हॉल्व्हर दुसरं, हा क्रम मला योग्य वाटतो.

शहरात आणि घरात

शहरात चित्र बदलतं. हातबंदुकीच्या गोळीचा परिणाम मुख्यतः ती कुठे लागली आणि पुरेशी खोल गेली का यावर ठरतो. एफबीआयने ऐंशीच्या दशकाअखेरीस हा निकष मांडला आणि चाचणीच्या जेलीत किमान बारा इंच खोली ठरवली. त्या संस्थेचा प्रवासही बोलका आहे. एप्रिल १९८६ मध्ये मायामीतल्या चकमकीत दोन अधिकारी मारले गेल्यावर तिने जबर १० मिलिमीटर काडतूस निवडलं. ते अनेकांना झेपेना, म्हणून सौम्य केलं. मग १९९० मध्ये आलेलं .४० घेतलं, आणि २०१० च्या दशकाच्या मध्यास ती पुन्हा ९ मिलिमीटरवर आली. काडतुसं सुधारली होती, आणि कमी धक्क्याने अधिकाऱ्यांचे नेम सुधारत होते.

दर वर्षी हजारो गोळ्यांचा सराव करणाऱ्या संस्थेला जे कळलं, ते महिन्यातून एकदा नेमबाजीला जाणाऱ्याला जास्तच लागू पडतं. शेजारची खोली आणि पलीकडची माणसं असलेल्या घरात मॅग्नम झाडणं म्हणजे समोरचा आणि भिंतीमागचा अशी दोघांची जबाबदारी घेणं. हुकलेल्या गोळीचीही जबाबदारी झाडणाऱ्याचीच असते. मोठ्या कॅलिबरचा हट्टच असेल तर तीन इंच नळी, पोलादी चौकट आणि .४४ स्पेशल इथवरच थांबावं. मॅग्नम चालणारं हत्यार असलं तरी त्यात स्पेशल भरावं. आणि ते हत्यार मुलांच्या हाती लागणार नाही अशा कुलपात असावं.

भारतातली स्थिती

हा सारा विचार अमेरिकेतला. भारतात शस्त्र बाळगणं हा हक्क नाही, परवान्याने मिळणारी मुभा आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम ती मुभा ठरवतात. साधा परवाना जिल्हाधिकारी किंवा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलिस आयुक्त देतात. ९ मिलिमीटर, .३८, .४५५ ही पोलिसांची आणि सैन्याची बोअर, म्हणजे कॅलिबरं, प्रतिबंधित वर्गात मोडतात आणि त्यांना केंद्र सरकारची परवानगी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आणि लग्न-मिरवणुकीतला हवेतला गोळीबार स्वतंत्र गुन्हा ठरला.

त्यामुळे इथल्या परवानाधारकाच्या हाती बहुधा .३२ चं रिव्हॉल्व्हर असतं. कानपूरच्या आयुध निर्माणीने जानेवारी २०१४ मध्ये आणलेलं ‘निर्भीक’ हे टायटॅनियम मिश्रधातूचं, पाचशे ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर त्याच बोअरचं. बुलडॉगची जन्मदात्री वेब्लीही भारतात आली आहे. उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात संडीला इथे भारतीय भागीदारासह रिव्हॉल्व्हर बनवण्याचं तिने २०२० मध्ये जाहीर केलं, आणि तेही .३२ चंच. मोठ्या गोळीचं नाव कमावलेल्या घराण्याला इथे लहान बोअरवर उभं राहावं लागलं. कायद्याने लादलेली ही निवड धक्का, नेम आणि शेजाऱ्यांची सुरक्षितता पाहता वाईट नाही.

ताळेबंद

आखूड नळीचं मोठं रिव्हॉल्व्हर म्हणजे एका अरुंद गरजेचं चोख उत्तर आहे. अंतर चार-पाच पावलांचं, हात गुंतलेले, वेळ एक-दोन सेकंदांचा आणि समोर मोठं जनावर, अशा गरजेचं. त्या चौकटीत त्याची जाड गोळी आणि साधं यंत्र उपयोगी पडतं. चौकटीबाहेर त्याचे दोष गुणांना झाकून टाकतात. नेम कठीण, धक्का जबर, गोळ्या पाच आणि पुन्हा भरायला वेळ.

म्हणून जिथे कायदा निवडीची मोकळीक देतो, तिथे घेणाऱ्याने कॅलिबर शेवटी ठरवावं. आधी परवानगीच्या मैदानावर, ज्या काडतुसाने प्रसंग निभावायचा त्याच काडतुसाने, पाचही गोळ्या हात न बिचकता सात मीटरवरच्या ताटाएवढ्या लक्ष्यात बसतात का ते पाहावं. बसत नसतील तर एक पायरी खाली उतरावं, आणि बसेपर्यंत उतरत राहावं. लहानपण आणि जोर दुकानातून विकत मिळतो. काबू सरावानेच कमवावा लागतो, आणि हत्यार हाती असलेल्या माणसाची पहिली जबाबदारी तीच आहे.